अंतराळातील गुन्हा आणि पुराव्याचा प्रश्न

मराठी समीक्षेत विज्ञानकथा आणि रहस्यकथा या दोन प्रकारांना मिळालेली वागणूक सारखी नाही. जयंत नारळीकरांसारखा नामवंत शास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिल्याने विज्ञानकथेला १९७० नंतर हळूहळू प्रतिष्ठा लाभत गेली आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा त्या प्रतिष्ठेवर शिक्कामोर्तबही झाले. रहस्यकथेच्या वाट्याला वाचक उदंड आले, समीक्षक फारसे आले नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे धनंजय, झुंजार आणि काळा पहाड घरोघरी वाचले गेले. तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना मिळणारी जागा बहुधा एखाद्या परिच्छेदापुरती असते. या पार्श्वभूमीवर रहस्यकथा आणि ‘स्पेस ऑपेरा’ नावाची भडक अंतराळकथा यांचा संकर असलेल्या कादंबऱ्यांचे नाव निघाले, की ‘दोन लोकप्रिय मालांचे एक गाठोडे’ असा शेरा मारून विषय संपवला जातो. हा शेरा काही कादंबऱ्यांना लागू पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या संकराच्या चांगल्या उदाहरणांत पुराव्याचे स्वरूप, न्यायाची व्याप्ती आणि ज्ञानाचे दायित्व यांविषयी जे प्रश्न उपस्थित होतात, ते दोन्ही मूळ प्रकारांना स्वतंत्रपणे विचारता आलेले नाहीत. म्हणून हा विषय शेऱ्यापेक्षा अधिक लक्ष मागतो.

प्रथम संज्ञेविषयी. ‘ऑपेरा’ म्हटल्यावर मराठी वाचकासमोर किर्लोस्कर आणि बालगंधर्व उभे राहण्याचा संभव आहे. त्या संगीताशी या संज्ञेचा काडीमात्र संबंध नाही. अमेरिकेत साबणाच्या कंपन्यांच्या खर्चाने चालणाऱ्या रेडिओवरील रडक्या मालिकांना ‘सोप ऑपेरा’ आणि घोडेस्वारांच्या साचेबंद साहसपटांना ‘हॉर्स ऑपेरा’ म्हटले जाई. त्याच चालीवर विल्सन टकर याने १९४१ साली ठोकळेबाज अंतराळकथांना ‘स्पेस ऑपेरा’ असे हिणवले. म्हणजे संज्ञा जन्मली ती शिवी म्हणून. पुढे तिचा अर्थ निवळत गेला आणि आज ती अनेक ग्रहांवर पसरलेल्या, राज्ये-साम्राज्ये व युद्धे यांचा पट मांडणाऱ्या कथनाची निव्वळ वर्णनपर संज्ञा झाली आहे. ई. ई. स्मिथ यांची १९२८ साली मासिकातून क्रमशः आलेली ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ ही कादंबरी या प्रकाराच्या आरंभी ठेवण्याची प्रथा आहे. तिचा जीव विस्तारात आहे: यान अधिक वेगवान, शस्त्र अधिक संहारक, शत्रू अधिक दूरचा.

रहस्यकथेचा जीव नेमका याच्या उलट, म्हणजे आकुंचनात असतो. बंद खोली, मोजके संशयित, टेबलावरचा अर्धवट प्याला, मागे राहिलेला चष्म्याच्या काचेचा तुकडा. वाचक आणि लेखक यांच्यात तेथे एक करार असतो: गुन्हा उलगडण्यास लागणारी सर्व सामग्री वाचकासमोर ठेवलेली असली पाहिजे. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ साली या कराराची दहा कलमे लिहून काढली. त्यांतील एका कलमाने अलौकिक शक्तींना मज्जाव केला आणि दुसऱ्याने अज्ञात विषे व शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल अशी उपकरणे वर्ज्य ठरवली. विज्ञानकादंबरीला हे दुसरे कलम जवळजवळ फाशीच्या शिक्षेसारखे आहे. ज्या जगात काहीही शक्य आहे त्या जगात अनुमानाला आधार कशाचा? संपादक जॉन कॅम्बेल यांचे म्हणणेही असेच होते. विज्ञानकथा आणि रहस्यकथा यांचा मेळ हा वदतोव्याघात आहे, कारण अडचणीत सापडलेल्या गुप्तहेराला लेखक ऐनवेळी एखादे नवे यंत्र हाती देऊन सोडवील आणि वाचक फसवला जाईल, अशी त्यांची भूमिका आयझॅक असिमॉव्ह यांनी नोंदवून ठेवली आहे.

आक्षेप वजनदार आहे. त्याला सिद्धान्ताने उत्तर देता येत नाही, कादंबरी लिहूनच देता येते. असिमॉव्ह यांच्या ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ने ते दिले. ‘गॅलक्सी’ मासिकाचे संपादक होरेस गोल्ड यांनी असिमॉव्ह यांच्यामागे यंत्रमानवाच्या कादंबरीचा लकडा लावला, गुप्तहेराला यंत्रमानव जोडीदार देण्याची कल्पनाही त्यांचीच, आणि कादंबरी १९५३ साली त्या मासिकातून क्रमशः येऊन १९५४ साली पुस्तकरूप झाली. पोलादी छताखाली कोंडलेली, उघड्या आकाशाचे भय बाळगणारी पृथ्वीवरील माणसे एकीकडे; पन्नास ग्रहांवर ऐषारामात राहणारे अंतराळवासी दुसरीकडे. एका अंतराळवासी शास्त्रज्ञाचा खून होतो आणि तपास एलायजा बेली हा साधा पोलीस कर्मचारी व डॅनियल ऑलिव्हॉ हा माणसासारखा दिसणारा यंत्रमानव यांच्याकडे येतो. गुन्ह्याची मेख आश्चर्यकारक यंत्रात नाही. शहरातला माणूस मोकळ्या माळरानावरून चालत जाऊच शकत नाही, मग खुनाचे शस्त्र घटनास्थळी पोहोचले कसे? उत्तर: एका यंत्रमानवाने, आपण काय वाहून नेतो आहोत हे न समजता, ते पोहोचवले. आणि खून झाला तो चुकीच्या माणसाचा, कारण खुनी असलेल्या पोलीस आयुक्ताचा जुन्या चालीचा चष्मा ऐनवेळी फुटला. हजारो वर्षांनंतरच्या जगात रहस्याची किल्ली चष्म्याच्या काचेत सापडते, यात एक मिस्कील औचित्य आहे. तथापि महत्त्वाची आहे ती पहिली गोष्ट. माळरानाचे भय हा तेथे समाजवर्णनाचा भाग म्हणून येतो आणि वाचक तो तसाच वाचून पुढे जातो. तोच शेवटी पुरावा ठरतो. डार्को सुव्हिन यांनी १९७९ सालच्या ग्रंथात विज्ञानकथेच्या केंद्रस्थानी एक नवतत्त्व असते आणि कथेचे सगळे जग त्याच्या तर्काने बांधले जाते, असे प्रतिपादन केले. असिमॉव्ह यांनी हे नवतत्त्वच सुगाव्याच्या जागी बसवले. कॅम्बेल यांच्या आक्षेपाला हे खरे उत्तर होय: जगाचे नियम आधी सांगितले असतील, तर कितीही अपरिचित जगात अनुमान शक्य आहे.

हीच पद्धत १९५७ सालच्या ‘द नेकेड सन’मध्ये कितीतरी पुढे जाते, आणि या संपूर्ण परंपरेचा विचार करताना त्या कादंबरीपाशी थांबणे भाग आहे. सोलारिया या ग्रहावर माणसे अवघी वीस हजार आणि प्रत्येक माणसामागे यंत्रमानव दहा हजार. तेथील माणसे एकमेकांना प्रत्यक्ष भेटत नाहीत. त्रिमितीय प्रतिमेद्वारे ‘पाहतात’. समोरासमोर येणे त्यांना किळसवाणे वाटते. अशा ठिकाणी रिकेन डेलमार या गृहस्थाचा डोके फोडून खून होतो. खून करण्यासाठी जवळ जावे लागते, आणि जवळ जाणारी व्यक्ती एकच: त्याची पत्नी ग्लॅडिया. शस्त्र सापडत नाही. यंत्रमानव घटनास्थळी होता, पण यंत्रमानवाच्या पहिल्या नियमानुसार तो माणसाला इजा करू शकत नाही.

बेलीचा तपास येथे एका शब्दापाशी येऊन ठेपतो. यंत्रमानव माणसाला इजा करणार नाही, या वाक्यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द गृहीत आहे, उच्चारलेला नाही. एका यंत्रमानवाला पाण्यात काही द्रव मिसळायला सांगावे, दुसऱ्याला ते पाणी पाहुण्याला द्यायला सांगावे. दोघेही निर्दोष, आणि पाहुण्याच्या पोटात विष. एका यंत्रमानवाने मुलाच्या हाती बाण द्यावा, तो विषारी आहे हे दोघांनाही ठाऊक नसावे. पती-पत्नीचे भांडण विकोपाला गेले असता यंत्रमानवाने आपला सुटा होणारा हात काढून पत्नीच्या हाती द्यावा. तो फक्त आज्ञा पाळतो आहे. कृतीचे असे तुकडे केले की गुन्हा घडतो आणि गुन्हेगार उरत नाही. ही योजना करणारा लीबिग हा यंत्रमानवतज्ज्ञ आहे.

येथवर ही उत्तम रहस्यकथा आहे. ती अंतराळकादंबरी होते ती याच्या पुढच्या पायरीवर. लीबिगला खून हा मुख्य उद्योग नव्हताच. यंत्रमेंदू असलेली, एकही माणूस नसलेली युद्धयाने तयार करावयाची आणि समोरच्या यानांतही माणसे नाहीत असे त्या मेंदूला पढवून ठेवावयाचे, ही त्याची योजना होती. मग पहिल्या नियमाला जराही धक्का न लावता यंत्रे शहरेच्या शहरे बेचिराख करतील. दिवाणखान्यातील खुनाचे तर्कशास्त्र आणि ग्रहांमधील युद्धाचे तर्कशास्त्र एकच आहे. फरक केवळ प्रमाणाचा. संकराच्या यशाची याहून नेमकी कसोटी सांगता येणार नाही. लहान गुन्ह्याचा उलगडा आणि मोठ्या पटावरील संकट ही दोन्ही एकाच वाक्याच्या दुरुस्तीतून निघतात, म्हणून विस्तार आणि आकुंचन यांतील विरोध या कादंबरीत मिटतो. आज्ञा देणारा, यंत्र बनवणारा आणि यंत्र वापरणारा यांच्यात जबाबदारी वाटून टाकली की ती नाहीशी होते, हा प्रश्न १९५७ साली कल्पनेतला होता. चालकाविना उडणारी शस्त्रे प्रत्यक्षात आल्यानंतर तो पाठ्यपुस्तकातला राहिलेला नाही.

लीबिगचा अंतही लक्षात ठेवण्याजोगा. डॅनियल आपल्याला प्रत्यक्ष भेटायला येत आहे, एवढे कळताच मानवी स्पर्शाच्या भयाने तो आत्महत्या करतो. येणारा माणूस नाही, यंत्रमानव आहे, हे त्याला ठाऊक नसते. आणि ग्लॅडिया? हात तिने उगारला होता, हे बेलीला ठाऊक आहे. तो ते सोलारियाच्या अधिकाऱ्यांना सांगत नाही. पहिल्या कादंबरीतही खुनी आयुक्तावर खटला चालत नाही. पृथ्वीच्या आणि अंतराळवासीयांच्या भावी संबंधांसाठी तो मोकळा सोडला जातो. गुन्हा उलगडला म्हणजे न्याय झाला, हे अभिजात रहस्यकथेचे समीकरण असिमॉव्ह यांनी दोनदा मोडले आहे आणि दोन्ही वेळा ते इतक्या सहजपणे मोडले, की त्यांच्या सपाट गद्याला नावे ठेवणाऱ्या समीक्षकांच्या ते ध्यानातही येत नाही. गद्य सपाट आहे हे मात्र खरे.

आल्फ्रेड बेस्टर यांचे गद्य तसे नाही; ‘द डिमॉलिश्ड मॅन’ला १९५३ सालचे, म्हणजे पहिलेच, ह्यूगो पारितोषिक मिळाले. मनातले वाचणारे पोलीस असलेल्या चोविसाव्या शतकात बेन राइख हा उद्योगपती खून करतो. खुनी कोण हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते आणि पोलीस अधिकारी लिंकन पॉवेल यालाही ते लवकरच कळते. अडते ते वेगळ्याच ठिकाणी: मनातून वाचलेले न्यायालयात चालत नाही, फिर्याद तपासणाऱ्या यंत्राला वस्तुनिष्ठ पुरावा हवा असतो. जाणणे आणि सिद्ध करणे यांतील अंतर एवढ्या धारदारपणे दाखवणारी दुसरी कादंबरी या परंपरेत क्वचित सापडेल. अंतराळ मात्र तेथे बरेचसे नेपथ्यापुरते आहे.

संकर फसतो कसा, याचे उदाहरण शोधायला असिमॉव्ह यांच्या बाहेर जावे लागत नाही. १९८३ साली ते बेलीकडे परतले. ‘द रोबोट्स ऑफ डॉन’मध्ये एका मानवसदृश यंत्रमानवाचा मेंदू निकामी झाला आहे आणि त्यामागे कोण याचा शोध आहे. शेकडो पानांच्या चर्चेनंतर उत्तर मिळते ते असे: मने वाचू शकणाऱ्या गिस्कार्ड नावाच्या यंत्रमानवाने ते केले. याचे सुगावे पेरलेले नाहीत असे नाही. पण मने वाचण्याची शक्ती त्या जगाच्या आधी सांगितलेल्या नियमांतून निघत नाही. ती आणली आहे ती यंत्रमानवांच्या कादंबऱ्या ‘फाउंडेशन’ मालिकेच्या साम्राज्यकथेला जोडण्याची सोय म्हणून. कॅम्बेल यांनी वर्तवलेली फसवणूक, त्यांना खोटे पाडणाऱ्या लेखकाच्याच हातून, तीस वर्षांनी घडली. मोठा पट लहान गुन्ह्याला गिळून टाकतो तो असा.

त्झ्वेतान टोडोरोव्ह यांनी १९६६ साली दाखवून दिले, की रहस्यकथेत दोन कथा असतात: घडून गेलेल्या गुन्ह्याची आणि चालू असलेल्या तपासाची. पहिली अनुपस्थित, दुसरी उपस्थित. अंतराळकादंबरीत याला तिसरी कथा जोडली जाते, ती इतिहासाची. आणि ही कथा तपास संपण्याची वाट पाहत नाही. जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक यांनी लिहिलेल्या ‘लेव्हिआथन वेक्स’ या २०११ सालच्या कादंबरीची रचनाच या ताणावर उभी आहे. एका आड एक येणाऱ्या प्रकरणांतून होल्डन हा यानावरचा अधिकारी आणि मिलर हा सेरेस लघुग्रहावरील पोलीस यांच्या दृष्टिकोनांतून ती सांगितली जाते. मिलर तरी कसला पोलीस? सेरेसची सुरक्षा एका खासगी कंपनीला ठेक्याने दिलेली आहे. तो त्या ठेकेदाराचा पगारी नोकर. एका धनाढ्याच्या घर सोडून गेलेल्या मुलीला शोधून परत पाठवण्याचे किरकोळ काम त्याच्याकडे येते. ज्यूली माओ ही ती मुलगी. पुढे नोकरी जाते, तपास सुटत नाही.

होल्डन आणि मिलर यांचा खरा झगडा पुराव्याविषयी आहे. हाती लागलेली माहिती होल्डन ताबडतोब साऱ्या सूर्यमालेला प्रक्षेपित करून टाकतो. सत्य सर्वांना कळले की लोक योग्य तेच करतील, असा त्याचा भाबडा विश्वास. अर्धवट माहिती जगासमोर टाकली की लोक उरलेले स्वतः जुळवतात आणि माणसे मरतात, हे मिलरचे म्हणणे. कादंबरीत होल्डनच्या घोषणेने युद्धाची ठिणगी पडते, तेव्हा सुगावा राखून ठेवण्याची गुप्तहेराची सवय ही कथनाची क्लृप्ती न राहता नैतिक भूमिका होते. रहस्यकथेच्या तंत्राला असा अर्थ देणे हे कोरी यांचे निःसंशय यश आहे.

पण लगेच दुसरी बाजूही येते. इरॉसवरील सुमारे पंधरा लाख माणसांना परग्रहीय द्रव्याच्या प्रयोगात जाणूनबुजून मारणारा ड्रेस्डेन हाती लागतो. तो शांतपणे समर्थन करू लागतो: जे ज्ञान मिळेल त्यापुढे ही किंमत क्षुल्लक आहे. मिलर त्याला गोळी घालतो. कारण विचारले तेव्हा तो जे सांगतो त्याचा आशय असा, की त्याचे बोलणे पटू लागले होते. होल्डनला हे असह्य होते, आणि ते असह्य होणेच योग्य आहे. ज्या व्यवस्थेत पोलीस ठेक्यावर आणि गुन्हेगार पोलिसांच्या मालकांहून बलाढ्य, तेथे खटला कोठे चालवावयाचा? हा प्रश्न कादंबरी विचारते. पण उत्तर म्हणून ती बंदुकीचा आवाज देते आणि वाचकाची सहानुभूती मिलरच्या बाजूला अलगद झुकवते. असिमॉव्ह यांच्या बेलीने ग्लॅडियाला सोडले त्यात तडजोड होती, पण एका माणसाला जगू देण्याची. मिलरचा निवाडा अधिक नाट्यपूर्ण आहे आणि अधिक शंकास्पद. कादंबरीच्या चाहत्यांना तो तिचा कळस वाटतो. तो तिचा सर्वांत दुबळा दुवा मानावयास हरकत नाही.

अधिकारक्षेत्राचा हा प्रश्न ॲलेस्टर रेनॉल्ड्स यांच्या ‘द प्रीफेक्ट’ (२००७) या कादंबरीत अधिक विचारपूर्वक मांडला आहे. एका ग्रहाभोवती फिरणाऱ्या दहा हजार वसाहती, प्रत्येकीचे कायदे निराळे. त्या सर्वांना सामाईक असा हक्क एकच, मतदानाचा. ड्रायफस हा तपास अधिकारी ज्या दलात आहे त्याचे प्रमुख काम त्या मतदानाची शुद्धता राखणे. जड शस्त्रे वापरावयाची तर दलाला नागरिकांचेच मत घ्यावे लागते. येथे गुन्ह्याची व्याख्याच राज्यव्यवस्थेच्या कल्पनेतून येते. पीटर हॅमिल्टन यांच्या ‘पँडोराज स्टार’ (२००४) मधील पॉला मायो ही जनुकीय रचनेनेच गुन्हेगाराला माफ करू न शकणारी तपासिणी आहे. कल्पना झकास, पण हजार पानांच्या गर्दीत तिला पुरेशी जागा मिळत नाही.

मराठीत अशा कादंबरीची वाट मोकळी असूनही फारशी चोखाळली गेली नाही. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये यंत्रमानव आहे, कुतूहल ताणून धरणारे कथानकही आहे, परंतु एकंदरीने मराठी विज्ञानकथा प्रबोधनाच्या प्रेरणेतून वाढली. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्यापर्यंत ही प्रेरणा कमीअधिक प्रमाणात दिसते. प्रबोधनात शास्त्रीय कल्पना समजावून सांगावयाची असते. रहस्यकथेत ती डोळ्यांसमोर ठेवून दडवावयाची असते. हा स्वभावभेद मोठा आहे. शिवाय लघुकथा हे मराठी विज्ञानलेखनाचे मुख्य रूप राहिले. जगाचे नियम सावकाश पेरून चारशे पानांनंतर त्यांची कापणी करण्यास लागणारा अवकाश तिच्यात नाही. विज्ञानकथा आणि रहस्यकथा निरनिराळ्या कप्प्यांत घालून पदव्युत्तर वर्गात शिकवल्या जातात, किंवा शिकवल्याच जात नाहीत, तोवर हा भेद अभ्यासकांच्या नजरेस पडण्याचा संभवही कमी.

या परंपरेची मर्यादा कोठे आहे हे दाखवणारी कादंबरी रशियन भाषेत आहे आणि ती अंतराळात घडत नाही. म्हणूनच तिचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. अर्काडी आणि बोरिस स्ट्रुगात्स्की यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या मृत गिर्यारोहकाच्या हॉटेलच्या कादंबरीला रहस्यप्रकाराचा अंत्यविधी अशा आशयाचे उपशीर्षक दिले होते. बर्फात अडकलेले हॉटेल, एक प्रेत, मोजके संशयित, सुट्टीवर आलेला इन्स्पेक्टर ग्लेब्स्की: नॉक्स यांच्या दहा कलमांना साजेसा सारा थाट. मग काही पाहुणे सांगतात, की आपण या ग्रहावरचे नाही, आपली पेटी परत करा, तिच्यावाचून आपले सोबती मरतील आणि आपल्याला येथून जाता येणार नाही. ग्लेब्स्की पेटी देत नाही. त्याच्यापाशी असलेल्या पुराव्यानुसार ते एका गुंड टोळीचे साथीदार आहेत, आणि पुराव्याच्या नियमांनी पाहता त्याची बाजू निर्दोष आहे. पेटी फार उशिरा त्यांच्या हाती पडते. बर्फावरून पळणाऱ्या त्या पाहुण्यांना टोळीचे हेलिकॉप्टर गाठते आणि गोळ्या घालते. पुढे कित्येक वर्षे ग्लेब्स्की स्वतःला समजावीत राहतो, की आपण कायद्याप्रमाणे वागलो.